वानखडेबाईंचा डबा

मी हात वर केला होता तो गाडीच्या किल्लीसाठी.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे शाळेच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली 'संस्थापक गव्हर्नर', म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळातला, असं झळकलं आणि आईने तो फोटो पुण्यात अख्ख्या सोसायटीला दाखवला. वॉचमनलासुद्धा. संस्थापक वगैरे काही नाही हो. आमच्या लंडनमधल्या, क्रॉयडनकडच्या मंडळाचा गणपती होता. आरती, प्रसाद, मुलांचे नाच सगळं आटोपलं होतं. बाहेर पार्किंगची वेळ संपत आली होती, कोपऱ्यावर वॉर्डन दिसला होता आणि किल्ली मृणालच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पर्समध्ये. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींच्या घोळक्यात. मी हात उंच करून हवेत किल्ली फिरवल्याची खूण केली. नेमकं त्याच वेळी स्टेजवर माईक घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, "तर मग कोण कोण येऊन राहिलं माझ्यासोबत शाळा काढायला?"

भरल्या हॉलमध्ये एकच हात वर होता. त्याची बोटं हलत होती.

"वा! नुसता हात नाही, उत्साह पाहा!" बाई माईकवरून म्हणाल्या. "नाव काय जी तुमचं?"

"नाही, मी ते... किल्ली..."

"किल्लीचं नंतर पाहू. आधी इमारत तर मिळू द्या. कुठले तुम्ही?"

"पुण्याचा."

"असू द्या," बाई म्हणाल्या. "कुठून तरी सुरुवात करावीच लागते."

हॉल हसला, टाळ्या पडल्या, वॉर्डनने पावती फाडली, आणि मी शिक्षणक्षेत्रात आलो.

त्या बाई म्हणजे वानखडेबाई, मूळच्या अकोल्याच्या. लग्न होऊन इंग्लंडला आल्या. नवरा इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, आणि बाई जन्मभर लंडनच्या सरकारी शाळांतून गणित शिकवत राहिल्या. "आमचे डॉक्टरसाहेब माणसं झोपवायचे आणि मी उठवायची," असं त्या सांगत. "घर बरोबर चाललं." मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा डॉक्टरसाहेब जाऊन काही वर्षं झाली होती आणि बाई निवृत्त होत्या, म्हणजे कोणी पगार देत नव्हतं एवढंच. सुती साडी, वर फ्लीसचं जॅकेट, पायात लेकीने टाकून दिलेले ट्रेनर्स, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी घड्याळ-बिड्याळ काही घेतलं नाही, ही शिट्टी मागून घेतली म्हणतात. इतकी वर्षं इथे राहूनही त्यांची वऱ्हाडी बोली तसूभर हलली नव्हती. त्यांचं इंग्रजीही वऱ्हाडीच होतं. व्याकरण चोख, पण चाल अकोल्याची. गंमत म्हणजे ते कौन्सिलच्या माणसांना माझ्या कमावलेल्या उच्चारांपेक्षा लवकर समजायचं.

आणि खांद्यावरच्या पिशवीत कायम एक स्टीलचा डबा. कडीचा, उभट, एका बाजूला पोचा आलेला.

गणपतीनंतरच्या सोमवारी मी ट्राममध्ये बसलो तर बाई शेजारी. माझी ट्राम त्यांना कशी कळली? मृणालने सांगितली होती. (या संपूर्ण प्रकरणात मृणाल कोणाच्या बाजूने होती हा प्रश्न मी अजून तिला विचारलेला नाही.)

"पुणेकर, ती पाहा," बाई हळूच म्हणाल्या.

समोर एक मुलगी आईच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. शाळेच्या जंपरच्या, म्हणजे स्वेटरच्या, बाह्या बोटांच्या पुढे आलेल्या, पोटाशी पुस्तकांची पिशवी, तोंड उघडं. आईही डुलक्या घेत होती.

"रिसेप्शनमध्ये आहे. पहिलीच्याही आधीचा वर्ग. जवळच्या शाळेत जागा नाही म्हणून इतक्या लांब. यापुढे अजून एक बस आहे त्यांना. मी महिनाभर पाहून राहिली." बाईंचा आवाज एरवी ट्रामच्या दुसऱ्या डब्यात जायचा, तेव्हा मात्र मलाच जेमतेम ऐकू आला. "चार वर्षांच्या लेकरानं अपडाऊन करायचं नसतं जी."

शाळेमागचं कारण विचाराल तर एवढंच. पुढे आम्ही सरकारकडे जे कागद दिले त्यात 'व्हिजन' नावाखाली मी बरंच काही लिहिलं होतं. बाईंनी ते सगळं खोडून तिथे हेच वाक्य इंग्रजीत लिहिलं.

इथे अशी सोय आहे की तुमच्याआमच्यासारख्या लोकांनी एकत्र येऊन ट्रस्ट करायचा आणि सरकारकडे शाळा मागायची. मिळाली तर खर्च सरकारचा, मुलांना फी नाही, चालवायची आपण. फ्री स्कूल म्हणतात. मात्र मागण्याआधी दाखवून द्यावं लागतं की मुलं पाठवायला आईबाप तयार आहेत. हे काम बाईंनी माझ्याकडे दिलं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. दोन शनिवार मंडळातल्या सगळ्यांना फोन केले आणि रंगीत चौकटींचा एक सुरेख तक्ता करून बाईंसमोर ठेवला. सगळ्या चौकटी हिरव्या.

बाईंनी चष्मा लावला. "सगळे हो?"

"सगळे!"

"काय म्हणाले? शब्द सांगा त्यांचे."

मी आठवलं. "बघू म्हणाले."

बाईंनी चष्मा काढला. "पुणेकर, मराठी माणसाचा 'बघू' हिरवा काऊन केला तुम्ही? बघू म्हणजे नाही. नुसतं 'नाही' बरं दिसत नाही म्हणून त्याला शाल पांघरून पाठवतात."

मग त्यांनी स्वतःच्या पद्धतीने काम सुरू केलं. ती पद्धत अशी: घरी जायचं, विचारायचं. यजमान 'बघू' म्हणाले की म्हणायचं, "बघा बघा, मी थांबते." आणि खरोखर थांबायचं. रागवायचं नाही, आग्रह नाही. त्यांच्या सोफ्यावर बसून डब्यातले शंकरपाळे त्यांनाच द्यायचे, त्यांच्या टीव्हीवर त्यांचीच मालिका बघायची, पोराचा गृहपाठ घ्यायचा. इल्फर्डहून आलेल्या एका पाहुण्यांची तर बाईंनी बसल्या जागी तिथल्याच एका स्थळाशी गाठ घालून दिली. शेवटी माणूस कळवळून खरं काय ते सांगून टाकायचा.

आमच्याकडेही आल्या. आमची ईरा तेव्हा वरण-भात केसांना लावायच्या वयात होती. "मग ईरा येईल ना आपल्या शाळेत?" बाईंनी विचारलं, आणि मी, संस्थापक, काय म्हणालो असेन?

"बघू."

"बघा," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. "मृणाल, आण तो सांबार इकडे." वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. दोन जुड्या निवडून झाल्या, त्याच्या वड्या झाल्या, आम्ही जेवलो, ईरा बाईंच्या मांडीवर झोपली. मी सोफ्यावर एकटा बसून चांगल्या शाळा, वाईट शाळा, नसलेल्या शाळा यांचा विचार करत होतो. ज्या शाळेला इमारत नाही, शिक्षक नाहीत, नाव नाही, तिथे आपली एकुलती एक मुलगी? शेवटी मृणाल हात पुसत बाहेर आली. "बाई, ईरा येणार. तो अजून बघतोय, बघू दे त्याला."

मंडळातल्या बहुतेकांचं खरं उत्तर 'नाही' निघालं. कोणाला खाजगी शाळा हवी होती, कोणी चांगल्या शाळेसाठी ईलिंगला घर बघत होतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "मोकळं झालं," म्हणाल्या, आणि शिट्टी अडकवून ट्रामच्या स्टॉपवर, कपडे धुवायच्या लाँड्रेटमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसायला लागल्या. घानाच्या आया, तमिळ आया, पोलंडच्या आया. त्यांच्या भाषांमध्येही 'बघू' असतं हे बाईंनी आठवड्याभरात शोधून काढलं. आणि त्यांच्याही सोफ्यांवर बसल्या.

आमच्याकडे जेवल्या त्या दिवशी बाई डबा विसरून गेल्या होत्या. मी तो घासून, पुसून, लखलखीत करून सोमवारी ट्राममध्ये परत दिला. बाईंनी कडी काढून आत पाहिलं.

"रिकामा?"

"धुतलाय, बाई."

"ते दिसून राहिलं." त्यांनी कडी लावली. "डबा रिकामा परत करणारे दोनच, पुणेकर. इंग्रज आणि तुम्ही. अहो, काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर टाकावी. रिकामा डबा आला की मी समजते, बोलणं बाकी आहे."

हे मी घरी सांगितलं. मृणाल कोल्हापूरची. तिने कपाळावर हात मारला आणि त्यानंतर आमच्याकडून डबे देण्याघेण्याचं खातं तिने स्वतःकडे घेतलं.

इंग्रजांबद्दल बाई बोलल्या ते मात्र उगाच नव्हतं. पुढे हार्डिंग भेटले तेव्हा मला ते कळलं.

यथावकाश सरकारने शाळेला हो म्हटलं. ट्राम स्टॉपजवळ बंद पडलेलं गालिच्यांचं एक दुकान इमारत म्हणून मिळत होतं. पण दुकानाची शाळा करायची तर कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची परवानगी हवी, आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. दुकानाला लागून मिस्टर हार्डिंग राहायचे. निवृत्त ट्रेन ड्रायव्हर, सहा फुटी, भुवया ब्रशसारख्या. त्यांनी हरकत घेतली एवढंच नाही, अख्ख्या गल्लीला घ्यायला लावली. खिडकीत पाटी लावली होती, 'इथे शाळा नको'. कमिटीने नाही म्हटलं की आमची शाळा कागदावरच संपणार होती. सप्टेंबरमध्ये येणारी मुलं पुन्हा ट्राममध्ये झोपणार होती. ईराही.

मी वकील सुचवला. बाई शंकरपाळे घेऊन गेल्या.

हार्डिंगनी दार उघडलं, डबा घेतला, थँक्यू म्हणून दार लावलं. दोन दिवसांनी डबा दुकानाच्या पायरीवर. धुतलेला, रिकामा. बाई चिवडा घेऊन गेल्या. डबा परत, रिकामा. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. बाई दारातच म्हणाल्या, "मिस्टर हार्डिंग, आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत."

हार्डिंगच्या भुवया वर गेल्या. "मग काय करतात?"

"घरात असेल ते घालायचं. साखर चालते."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्या टायकडे पाहिलं. "मॅडम, ही लाच आहे का?"

"लाच असती तर डबा परत मागितला असता का मी?"

हार्डिंगनी डबा घेतला. मग दार लागलं.

चौथ्या दिवशी डबा आला तो उघडा, कारण झाकण लागत नव्हतं. आत मागच्या अंगणातल्या ऱ्हुबार्बचे लालसर देठ कोंबले होते. इथे ते साखरेत शिजवून गोड खातात. बाईंनी एक चावून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर अंबाडीच!" डाळ, लसूण, वरून लाल मिरचीची फोडणी. भाजी त्याच डब्यातून हार्डिंगकडे गेली. आम्हाला वाटलं, आता पोलीस येतात. आला तो डबा, चाटूनपुसून स्वच्छ, आत टोमॅटो, आणि बाईंना चहाचं बोलावणं.

त्या चहाला आतल्या खोलीत जोन होती. हार्डिंगची बायको, बरेच महिने अंथरुणाला खिळलेली. तिची काळजी घेणाऱ्या नर्सची गाडी रोज सकाळी नेमकी शाळा भरायच्या वेळी यायची. दारासमोर आईबापांच्या गाड्या लागल्या तर ती गाडी आत कशी येणार? "लेकरांना कोण नाही म्हणून राहिलं!" बाई परत येताना ट्राममध्ये म्हणाल्या. "त्या माणसाची हरकत गाड्यांना आहे. हे आपण विचारलंच नव्हतं. आपण वकील शोधत होतो." 'आपण' त्या सौजन्याने म्हणाल्या.

कमिटीच्या दिवशी शाळेच्या बाजूने मी बोललो. उत्तम बोललो असं माझं मत आहे. कमिटीतले एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मग हरकत घेणाऱ्यांच्या वतीने हार्डिंग उठले. कोट घातला होता, भुवया विंचरल्या होत्या. मी माझे कागद पुन्हा चाळायला लागलो. बाई मात्र हाताची घडी घालून, चांगला विद्यार्थी फळ्याशी गेला की बसतात तशा बसल्या होत्या.

"माझी हरकत अजून आहे," हार्डिंग म्हणाले. "गाड्यांना. या बाई म्हणतात, एकही गाडी गल्लीत येणार नाही, मुलांना स्टॉपवरून त्या स्वतः चालवत आणतील. असं पुष्कळ जण म्हणतात आणि परवानगी मिळाली की तोंड दाखवत नाहीत." ते थांबले. "पण यांचा डबा माझ्या घरी आहे. त्या परत येतील."

परवानगी मिळाली. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "इंग्रज सुधारले. आता फक्त पुणेकर राहिले."

सप्टेंबरात शाळा भरली. फक्त रिसेप्शनचा एक वर्ग, कारण अशी शाळा एकदम मोठी होत नाही. दर वर्षी खालून एक वर्ग येतो आणि आधीचे वर सरकतात. रोज सकाळी ट्राम स्टॉपवरून रांग निघायची. पुढे शिट्टी आणि बाई, मागे ढगळ जंपरमधली पोरं एकमेकांचं बोट धरून, त्यात घानाचा क्वामे आणि आमची ईरा सगळ्यात शेवटी, कारण दोघांनाही प्रत्येक गोगलगायीशी बोलायचं असायचं. हेडटीचर म्हणून मिस ओवेन नावाची एक तरुण मुलगी नेमली होती. बाई ट्रस्टच्या चेअर, म्हणजे अध्यक्ष. पण रांग त्यांचीच.

पहिल्याच आठवड्यात मला उशीर झाला. ईराचा डबा घरी राहिला होता, मी गाडी घेऊन धावत आलो आणि दोनच मिनिटं म्हणून लावली. कुठे ते तुम्ही ओळखलंच असेल. बाहेर येतो तर नर्सची गाडी मागे अडकलेली, आणि खिडकीत भुवया.

बाईंनी पिशवीतून डबा काढून हातात दिला. "जा."

"काय म्हणू त्यांना?"

"सॉरी म्हणा आणि डबा द्या. बाकी तुमचं इंग्रजी वापरू नका."

हार्डिंगनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी परत आला तो माझ्या नावाने, आणि रिकामा. बाईंना भोपळे, बीन्स, गूजबेऱ्या. मला लखलखीत रिकामा डबा. बोलणं बाकी होतं! मी पुन्हा भरून नेला, पुन्हा माफी मागितली. पुन्हा रिकामा. असं कितीदा झालं ते विचारू नका, मृणालला बेसन घाऊक आणावं लागलं. शेवटी एका सकाळी डब्यात एक टोमॅटो आला. एकच. पण लाल होता.

बाईंची आणखी एक सवय सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझी कंबर अजून तिची आठवण काढते. शाळेच्या सगळ्या मीटिंगा रिसेप्शनच्या वर्गात, मुलांच्या खुर्च्यांवर. मोठ्या खुर्च्या आल्या तरी बाईंनी त्या वापरल्या नाहीत. "छोट्या खुर्चीत बसलं की माणूस मोठं बोलत नाही," म्हणायच्या. आणि ते खरं होतं. गुडघे कानाशी आले की 'स्ट्रॅटेजी' हा शब्द तोंडातून निघत नाही. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरबाईही तिथेच बसल्या, आणि निघताना म्हणाल्या की इतक्या थोडक्यात उत्तरं त्यांना कुठेच मिळाली नव्हती.

चौथ्या वर्षी एक गृहस्थ आले. बऱ्याच शाळा एकत्र चालवणाऱ्या एका मोठ्या समूहाचे. आमची शाळा तोवर नावारूपाला आली होती, रांग लांब झाली होती, दुकानाच्या गोदामातही वर्ग भरत होता. गृहस्थ निळ्या खुर्चीत बसले. तुमच्यासारख्या छोट्या शाळा एकेकट्या टिकत नाहीत, आमच्या कुटुंबात या, म्हणाले. एकसारखा गणवेश, एकसारखं जेवण, मुलं बसने आणू, वर्ग दुप्पट करू.

"बसने," बाई म्हणाल्या.

"हो, लांबलांबून!"

बाईंनी चष्मा काढला. मग गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "वी विल सी." गृहस्थ खूश झाले. उठायला गेले तर खुर्चीही उठली. मी आणि मिस ओवेनने दोन्ही बाजूंनी ओढून त्यांना मोकळं केलं.

ते गेल्यावर मी घाबरून म्हणालो, "बाई, तुम्ही चक्क बघू म्हणालात!"

"मग? मराठीच आहे ना जी मी!"

जोन गेली ती सहाव्या वर्षी, हिवाळ्यात. त्या आठवड्यात बाईंनी शिट्टी गळ्यात घातली नाही. रांग हार्डिंगच्या घरासमोरून तशीच गेली, चुपचाप, अगदी चार वर्षांची पोरंसुद्धा. गोगलगायींशीही कोणी बोललं नाही. कोणी शिकवलं होतं त्यांना, माहीत नाही. पुढच्या सोमवारी हार्डिंग कोट घालून ट्राम स्टॉपवर उभे होते. रांगेच्या शेवटी कोणीतरी मोठं माणूस हवं, म्हणाले.

यंदा ईरा शेवटच्या वर्गात होती. पहिली तुकडी खालपासून वरपर्यंत पोचली, शाळा भरली. आणि बाईंचे गुडघे थकले. लेक तिकडे स्कॉटलंडात, अॅबर्डीनला असते, तिच्याकडे ऑगस्टअखेर कायमचं जायचं ठरलं. जूनमध्ये एक दिवस ट्राममध्ये त्यांनी मला विचारलं. "पुणेकर, चेअर तुम्ही व्हा."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या.

"तो खुर्चीतला माणूस पुन्हा विचारून राहिला. आपल्याकडे चेअर नसला की ट्रस्ट त्यांच्याकडे जाईल. मग बसा येतील. रांग कोण काढणार?"

माझी नोकरी, माझी कंबर, माझा कोलेस्टेरॉल, शिवाय ईरा आता शाळेतून चाललीच होती. माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं आलं आणि तोंडातून जे यायचं तेच आलं. "बघू, बाई."

मी वाट बघितली. आता म्हणतील, बघा, मी थांबते. आमच्या घरी येतील, कोथिंबीर निवडतील. पण बाईंनी पिशवी खांद्यावर घेतली. त्यांचा स्टॉप आला, दांड्याला धरून उठल्या, उतरल्या. मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. आणि नंतर तितकंच वाईट.

जुलैत शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम झाला. मृणालला ऑफिसातून सुटी नव्हती. तिने पहाटे उठून बाईंसाठी पुरणपोळ्या केल्या आणि आमच्या डब्यात घालून दिल्या. मुलांनी गाणी म्हटली. क्वामे, जो आता माझ्या खांद्याला लागतो, भाषण करता करता मध्येच थांबला आणि खाली बसला. हार्डिंगनी फक्त टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतरही वाजवत राहिले. घरी जाताना ईरा तिच्या मराठीत म्हणाली, "बाबा, बाई रडला नाही. मी रडलो."

बाई स्टॉपपर्यंत आमच्याबरोबर चालत आल्या. पुढे रांग नव्हती तरी त्यांची चाल रांगेचीच होती, दर वळणावर थांबून मागे वळून बघायच्या. ट्राम आली. त्यांनी पिशवीतून आमचा डबा काढून माझ्या हातात दिला. "पोळ्या मी माझ्या डब्यात काढून घेतल्या. मृणालला सांगा, पुरण झकास." शिट्टीवरून एकदा बोट फिरवलं, ईराच्या डोक्यावर थापटलं आणि चढल्या. खिडकीजवळ जागा मिळाली. समोरच्या सीटवर आईच्या मांडीवर कोणाचं तरी लेकरू होतं, टक्क जागं. बाई त्याला डबा उघडून पोळीचा तुकडा देत होत्या. ट्राम वळेपर्यंत एवढंच दिसलं.

डबा हाताला हलका लागत होता. वाटेत मी कडी काढून पाहिलं. आत काही नव्हतं. साखरसुद्धा.

संध्याकाळी मृणाल आली. मी डबा ओट्यावर ठेवला. "बाई थकल्या गं आता," मी म्हणालो. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामा दिला. विसरल्या बिचाऱ्या."

मृणालने झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वानखडेबाई? विसरल्या?" ती म्हणाली. "जूनमध्ये ट्राममध्ये तू त्यांना काय म्हणाला होतास, आठवतंय? शनिवारी डबा भरून देते, घेऊन जा. आणि अभि, या वेळी हात वर करशील तो किल्लीसाठी करू नकोस."